घट

होटगी रस्त्याच्या खडीवर मी मस्टर लिहायचो.
मंदीचं ते दुसरं वर्ष. दोन गिरण्या बंद,
तिसरीचा भोंगा अजून वाजायचा, सवयीनं,
आत कुणाला बोलवायचा नाही.

सहा घमेली खडी: तीन आणे. बाईला दोन.
पोराला एक, तेही पोर ढिगापेक्षा उंच असेल तर.
हे मी रचलेलं नाही. परिपत्रकात होतं,
कलम चार, पोटकलम ब.

साखर पेठेतून, दाजी पेठेतून माणसं यायची,
खड्डामागावर बसून बसून पाय खड्ड्याच्या मापाचे झालेली,
उन्हात डोळे मिचकावत.
हातोडा धोट्यासारखा धरायची,
हलकेच, जणू पलीकडे तो कुणी झेलणार आहे.

तिसऱ्या आठवड्यात राजमल्लू येमूल म्हणाला,
"मास्तर, बोटाला रेशीम अडकतंय."
रेशीम कुठलं? घरात वीतभर सूत नव्हतं.
बायकोचं लग्नातलं लुगडं चाचपलं होतं त्यानं रात्री,
आणि भेगांनी त्याचे धागे ओढून काढले.

मी वर कळवलं. साहेबांना खडीचा ढीग
बांबूनं मोजता येई; बोटं कशानं मोजावीत
याचा छापील नमुना नव्हता.
तरी कागद कुठंतरी सरकला असावा,
कारण दिवाळीनंतर योजना बदलली.

एका रिकाम्या वखारीत सूत केंद्र उघडलं.
सूत तोलून द्यायचं, लुगडं तोलून घ्यायचं.
काट्यावर मी.
शेराला दोन तोळे घट माफ,
वर गेली की मजुरीतून वजा.
हुशार लोक खळ दाबून लावायचे.
माझी जीभही हुशार झाली: काठ चाटून सांगायची,
ही पेज लुगड्यानं खाल्ली, घरातल्यांनी नाही.

नरसव्वा गड्डमचं एक लुगडं कमी भरलं. तीन तोळे.
पदरापासून हातभर अंतरावर, काठात,
एक तार चुकलेली, मग सावरलेली.
"काय झालं इथं?"
"काही नाही."
एक आणा कापला. शाई लाल, नियमाप्रमाणे.

लुगडी साठत गेली. बाजारात घेणारं कुणी नाही.
चळत छताला टेकली,
घड्यांत आम्ही कडुनिंबाचा पाला घातला.
सूतही संपलं. पेठा परत खडीवर गेल्या.
मार्चात हुकूम आला: साठा गरजूंना वाटून
खाते बंद करावे.
गरजूंची यादी माझ्याकडेच होती,
जुन्या मस्टरवरून उतरवली.

रांगेत नरसव्वा.
अंगठा लावला; कागदावर जांभळा गोळा उठला,
एकही रेघ नाही.
पुन्हा लाव म्हटलं. पुन्हा तसाच.

मग घडी उलगडून ती काठावरून बोट नेत गेली,
अंधारात भिंत धरून जावं तशी.
थांबली.
"इदि नादे," म्हणाली, आणि हसली. मोठ्यानं.
"माझंच की हे. पोराला ताप होता त्या दिवशी.
तार तुटली ती इथं."
पोर कसं आहे, मी विचारलं नाही.
"मास्तर, आता तोलून बघ की."

तोललं. साहेब जेवायला गेले होते.
तीन तोळे कमी. अजूनही.

नोंदवहीत रकाने सात: नाव, पेठ, जात, वय,
नग, किंमत, अंगठा.
आठवा मी समासात आखला, पेन्सिलीनं:
परत, आणा एक.
आणा माझ्या खिशातला.

तिनं तो हातात घेतला नाही.
पारड्यात टाकला, लुगडं काखेत मारलं, गेली.
आणि पारडं एका आण्यानं
जेवढं खाली जातं,
तेवढंच गेलं.